टर्बो उचलेपर्यंत

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक जुना व्हिडिओ टाकला. कुठल्याशा फलाटावरून गाडी सुटतेय, पुढे डिझेल इंजिन, आणि त्याच्या माथ्यावरून काळ्याकुट्ट धुराचा लोट असा काही उसळतोय की मागचे दोन डबे दिसेनासे झालेत. व्हिडिओ काढणारा हर्षाने ओरडतोय. खाली माझ्या पुतणीने लिहिलं, "शी! आणि लोक याच्या आठवणी काढतात?" ती पर्यावरणशास्त्र शिकते. तिच्या पाठोपाठ चार अंगठे पडले, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला आणि विषय वाहून गेला. मी "मी काढते" एवढं लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं. ते पुसलेलं वाक्य मात्र बरेच दिवस डोक्यात घोळत राहिलं. पोरगी खरं तेच बोलत होती. आठवण काढावी असं त्या धुरात काही नव्हतं, निदान त्याच्याखाली राहणाऱ्यांसाठी तरी.

माझं आजोळ वाठार स्टेशनचं. पुण्याहून मिरजेकडे जाताना लोणंद, सालपे मागे पडलं की आदर्कीचा घाट लागतो, आणि वळणं घेत घेत गाडी वाठारला वर येते. त्यामुळे तिथे गाडी दिसायच्या कितीतरी आधी ऐकू यायची. उन्हाळ्यात अंगणात अंथरुणं पडलेली असायची. मध्यरात्र उलटून गेली की खालून एक घुमणारा आवाज सुरू व्हायचा. डोंगराआड गेला की बुजायचा, वळणावर आला की पुन्हा मोकळा व्हायचा. आजी कूस न बदलता म्हणायची, "महालक्ष्मी चढतीय." एवढं बोलून ती पुन्हा घोरायला लागायची. हीच आजी दिवसा मात्र त्या इंजिनांना तोंडभर शिव्या द्यायची. यार्डातली मालगाडी निघायच्या बेतात आहे असं दिसलं की हातातलं काम टाकून दोरीवरचं धुणं काढायला धावायची. आजोबांचं धोतर आधी, मग बाकीचं. एखादे वेळी उशीर झालाच तर धोतरावर काजळीचे बारीक ठिपके बसायचे, झटकायला जावं तर आणखी पसरायचे. पुन्हा नीळ, पुन्हा पिळणं, आणि विहिरीला पाणी बेताचंच.

मधला मामा डिझेल शेडला फिटर. तो रविवार जोडून घरी आला की त्याच्या आधी त्याचा वास घरात शिरायचा. डिझेल, इंजिन ऑइल आणि त्यावर घसघसून लावलेला लाल लाइफबॉय. नखांच्या कडेची काळी रेघ त्या साबणालाही दाद द्यायची नाही, म्हणून आजीने त्याचा टॉवेल वेगळा ठेवला होता. कानांनी तो चाळिशीतच थोडा अधू झाला होता आणि म्हणून मोठ्यांदा बोलायचा. आम्हा पोरांना वाटायचं मामा कायम भांडतोय. शेडमधली माणसं इंजिनाला 'पॉवर' म्हणतात. मामाच्या तोंडीही तेच असायचं. अमुक गाडीची पॉवर फेल गेली, तमुक गाडी पॉवर मिळेना म्हणून उभी. आणि पॉवर म्हणजे अल्को, या नावाच्या अमेरिकन कंपनीच्या जातीचं इंजिन. तेव्हा दुसरी जात या रुळांवर क्वचितच दिसायची.

एकदा यार्डात इंजिन नुसतंच चालू करून उभं होतं, तेव्हा त्याने मला जवळ नेलं. उन्हात तापलेल्या लोखंडाची धग आणि इंजिनाची धग एकमेकांत मिसळली होती. पायाखालची खडी थरथरत होती, ते चपलेतून कळत होतं. आवाज एकसारखा नव्हता. गच्च, गच्च, मग मधेच अर्धा ठोका राहून गेल्यासारखा, लंगड्या घोड्याने दुडक्या चालीने यावं तसा. "बंद का नाही करत?" मी विचारलं. मामा म्हणाला, "बंद करायला दोन मिनिटं. चालू करताना बॅटरी बसली तर बाप यायला पायजे." मग त्याने दाराच्या जाळीवर हात ठेवून आतलं सगळं सांगितलं. सोळा सिलिंडर आहेत, आठ-आठ दोन्ही अंगाला. पण हे इंजिन चाकं फिरवतच नाही. ते फिरवतं जनरेटर. जनरेटरची वीज खाली सहा मोटारींना जाते, एकेका आसाला एकेक मोटार, आणि चाकं फिरतात ती त्या मोटारींवर. गिअर बदलायची भानगड नाही. म्हणजे गाडी वीजेवरच चालते, फक्त वीजघर सोबत घेऊन हिंडते. मला त्या वयात हे फार मोठं गुपित वाटलं होतं. शाळेत सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नाही.

धुराचं उत्तरही त्यानेच दिलं होतं.

ड्रायव्हरच्या हातातल्या थ्रॉटलला आठ नॉच, म्हणजे टप्पे, असतात. इंजिन उभं असताना मिनिटाला चारशे फेरे घेत असतं, आठव्या नॉचला हजार. जास्त ताकद हवी तर जास्त डिझेल जाळायला हवं, आणि जास्त डिझेल जाळायला जास्त हवा हवी. ही जादा हवा कोंबण्याचं काम टर्बोचं. पण टर्बो फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर, आणि इंजिन नुसतं चालू असताना त्या वायूंना जोर नसतो. ड्रायव्हर नॉच वाढवतो, डिझेल तर लगेच आत पडतं, टर्बो मात्र अजून अर्धवट झोपेत. हवा कमी, डिझेल जास्त. जे जळत नाही ते काळं होऊन वर जातं. थोड्या वेळाने टर्बो उचलतो, त्याची ती शीळ ऐकू यायला लागते, वर वर चढत जाते, आणि धूर पातळ होतो. गाडी तोवर हलू लागलेली असते. म्हणजे आम्ही पोरं ज्या लोटाकडे बघून "काय ताकद आहे!" म्हणायचो, तो ताकदीचा नव्हताच. ताकद वेळेवर न पोहोचल्याचा होता.

पुढे या कंपनीबद्दल जेवढं वाचलं त्यात हा उशीर पुन्हा पुन्हा समोर येत गेला. अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजे अल्को, १९०१ साली वाफेची इंजिनं करणारे आठ कारखाने एकत्र करून उभी राहिली. मुख्य कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावात, मोहॉक नदीच्या काठी. सगळा हिशेब धरला तर पंचाहत्तर हजारांहून जास्त इंजिनं या कंपनीची. १९४१ पासून युनियन पॅसिफिक रेल्वेसाठी त्यांनी 'बिग बॉय' नावाची अवाढव्य वाफेची इंजिनं बांधली, एकूण पंचवीस. त्यातलं एक, ४०१४ क्रमांकाचं, २०१९ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा रुळावर आलं. आणि गंमत म्हणजे डिझेल-इलेक्ट्रिकची वाटही यांनीच आधी धरली होती. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक आणि इंगरसोल-रँड यांच्यासोबत केलेलं पेटीच्या आकाराचं छोटं इंजिन न्यू जर्सीच्या रेल्वेला विकलं गेलं. अमेरिकेत धंद्याच्या दृष्टीने यशस्वी ठरलेलं ते पहिलं डिझेल-इलेक्ट्रिक. १९४१ मध्ये आलेलं त्यांचं आरएस-१ नावाचं इंजिन यार्डातही चालायचं आणि लांबच्या गाडीलाही लागायचं. पुढे सगळ्या जगाने तीच घडण उचलली. युद्धात अमेरिकन लष्कराने ती इंजिनं ताब्यात घेऊन, सहा आसांची करून इराणच्या रेल्वेवर धाडली, रशियाला रसद पोचवायला. त्याच स्केनेक्टडीत तेव्हा रणगाडेही बनत होते.

एवढं सगळं असताना ही कंपनी हरली. जनरल मोटर्सची इंजिन शाखा गाड्यांना जुंपायची मोठी डिझेल इंजिनं घेऊन १९३९ पासून बाजारात होती. तिला गाठायच्या घाईत अल्कोने १९४६ मध्ये २४४ नावाचं नवं इंजिन पुरतं पारखून न घेताच विकायला काढलं. क्रँकशाफ्ट मोडू लागले, टर्बो निकामी होऊ लागले. रेल्वेवाल्यांचं मन एकदा उडालं की परत बसत नाही. चूक उमगल्यावर त्यांनी २५१ नावाचं इंजिन केलं, ते पन्नाशीच्या दशकात आलं, आणि ते उत्तम होतं. पण गिऱ्हाईक तोवर दुसऱ्या दुकानात गेलं होतं.

आणि मग भाऊबंदकी. अल्कोच्या इंजिनांना लागणारे जनरेटर आणि मोटारी जनरल इलेक्ट्रिक, म्हणजे जीई, द्यायची. दोघांचे मोठे कारखाने एकाच गावात, १९४० पासून इंजिनांवर नावही दोघांचं जोडीने. ही भागीदारी १९५३ मध्ये मोडली. आणखी काही वर्षांनी जीईने पेनसिल्व्हेनियातल्या ईरीच्या कारखान्यात स्वतःचं अडीच हजार अश्वशक्तीचं इंजिन बनवलं आणि सरळ अल्कोच्या गिऱ्हाइकांपुढे नेऊन उभं केलं. अल्कोला मोटारी विकणं चालूच होतं! ज्याच्याकडून चाकं फिरवणारी मोटार घ्यायची, तोच शेजारी दुकान थाटून बसलेला. आमच्याकडे सामाईक विहिरीवरून दोन घरांत तीन पिढ्या बोलणं नसतं, त्यामुळे हा प्रकार मला अगदी घरचा वाटला. काही वर्षांतच जीई दुसऱ्या क्रमांकावर गेली आणि अल्को तिसऱ्या. १९६४ मध्ये वर्दिंग्टन नावाच्या कंपनीने ती विकत घेतली, १९६९ मध्ये स्केनेक्टडीतलं इंजिन बांधणं थांबलं. आता नकाशावर ती जागा शोधली तर नदीकाठी एक कॅसिनो दिसतो, २०१७ मध्ये उघडलेला.

आपल्याकडे हे नाव रुजलं ते या पडतीच्याच काळात. १९५७ पासून अल्कोची पहिली शंभर इंजिनं आली, आणि १९६२ पासून डब्ल्यूडीएम-२ नावाची जात. २६०० अश्वशक्ती, पोटात तेच २५१. त्याच सुमारास जनरल मोटर्सचीही काही इंजिनं आली होती. मामाच्या शेडमधले जुने लोक सांगायचे की ती खरं तर सरस होती, पण आपल्याला घरी बनवायची होती आणि विद्या द्यायला अल्को राजी झाली. घरी विकणं कठीण झालेल्या माणसाने परगावी हात सैल सोडावा यात नवल नाही. बनारसचा डिझेल कारखाना १९६१ मध्ये स्थापन झाला आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथलं पहिलं इंजिन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते देशाला अर्पण झालं. मग बनारस थांबलं नाही. १९९८ पर्यंत डब्ल्यूडीएम-२ बनत राहिली, अडीच हजारांच्या वर. त्याच सांगाड्यावर ३१०० अश्वशक्तीची, मग ३३०० ची. मीटरगेजवरचं धाकटं भावंड वायडीएम-४, सहा सिलिंडरचं, तेही २५१च. मूळ कंपनी बंद पडून तीसेक वर्षं होऊन गेली तरी तिचं इंजिन आपल्याकडे सुधारत, वाढत होतं, आणि आपण ते श्रीलंकेला, बांगलादेशाला विकतही होतो. स्केनेक्टडीतल्या ज्या ड्राफ्ट्समनने त्या २५१ ची रेघ पहिल्यांदा ओढली असेल त्याला आदर्कीचा घाट ठाऊक असण्याचं काही कारण नाही. आणि वाठारात अल्को हे नाव तरी किती जणांना ठाऊक होतं? मामाला, आणि त्याच्यामुळे मला.

आमच्या भागात डिझेल इंजिन म्हटलं की तसं आधी दुसरंच डोळ्यांपुढे येतं. कृष्णाकाठच्या मळ्यातलं किर्लोस्करचं, विहिरीच्या काठावर सिमेंटच्या ओट्यात घट्ट बसवलेलं, हँडल मारून सुरू करायचं. मिरजेला जाताना वाटेत किर्लोस्करवाडी लागते, लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये माळरानावर वसवलेली. तिथे गाडी थांबली की डब्यातला एखादा म्हातारा हटकून त्या इंजिनाचं गुणगान सुरू करायचा. पाणी देणारं इंजिन आणि गाडी ओढणारं इंजिन, दोन्ही डिझेलवरची. एकाच्या धुराबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही, कारण तो आपल्या उसासाठी होता.

मला स्वतःला त्या धुराचा खरा जाच झाला तो कोकण रेल्वेवर. लग्नानंतर रत्नागिरीला येणं-जाणं सुरू झालं. करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. जाणते प्रवासी बोगदा यायच्या आधीच खिडक्या पाडायचे. नवखे उघड्या ठेवायचे आणि मग खोकत सुटायचे. आत शिरलं की दिवे पिवळे वाटायला लागत, घशात कडवट चव येई, आणि कुणाचं तरी तान्हं मूल हमखास रडायला लागे. पावसाळ्यात तो वास ओल्या कपड्यांत बसायचा आणि सासरी पोचेपर्यंत सोबत यायचा. सासूबाई पिशवी आत घ्यायच्या आधी म्हणायच्या, "आधी न्हाऊन घे गो." २०२२ मध्ये तो संपूर्ण मार्ग विजेवर गेल्याचा मला आनंद झाला होता, अगदी मनापासून. तेव्हा पुतणी एकटी नाही; तिच्या बाजूने मीही आहे, आजी तर होतीच.

मग मी कशाची आठवण काढते?

बहुतेक ऐकण्याची. वाठारला मी मागे गेले तेव्हा मामाच्या ओसरीवर बसले होते. लोखंडी पूल खडखडला म्हणून वर पाहिलं तर गाडी अर्धी निघूनही गेली होती. वर तारा, खाली विजेचं इंजिन, घाट चढून आलं तरी त्याला धाप नाही. डब्यांचा आवाज तेवढा होता. पूर्वी घाट चढणारी गाडी आपल्या सगळ्या अडचणी सांगत यायची: किती डबे आहेत, रूळ ओले आहेत का, चाक घसरतंय का. मामा तर अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचा, "याचा एक सिलिंडर गेलाय." आता सांगण्यासारखं तिच्याकडे काही उरलेलं नाही, आणि ते चांगलंच आहे, प्रवाशांच्या दृष्टीने. मला ऐकायची सवय होती, ती तेवढी रिकामी बसली. हे पुतणीला ग्रुपवर दोन ओळींत कसं लिहायचं, ते मला जमेना.

बनारसच्या कारखान्याचं नाव २०२० मध्ये बदललं, त्यातला 'डिझेल' गेला, आणि आता तिथे विजेची इंजिनं बनतात. त्याआधी २०१८ मध्ये तिथल्या लोकांनी एक अजब काम केलं होतं: अल्को जातीच्या जुन्या मालगाडीच्या डिझेल इंजिनांतून डिझेलचं सगळं बाड काढून त्यांची विजेची इंजिनं केली, दोन जोडून दहा हजार अश्वशक्तीचं एक. जगात असं पहिल्यांदाच झालं म्हणतात. फार थोडीच झाली तशी. बाकीची भंगारात निघाली. आणि अल्कोला घरी धूळ चारणारी जीई? तिने बिहारमध्ये मढौऱ्याला रेल्वेसोबत कारखाना काढला, हजार डिझेल इंजिनांचं कंत्राट घेऊन. तो धंदाही तिने पुढे वॅबटेक नावाच्या कंपनीला देऊन टाकला. या व्यवसायात कुणी कुणाचं फार काळ राहत नाही.

२५१ मात्र संपलेलं नाही. अमेरिकेत फेअरबँक्स मोर्स ही कंपनी अजूनही त्याचा सांभाळ करते. तिथल्या तटरक्षक दलाच्या जहाजांचे पंखे वर्षानुवर्षं ही इंजिनं फिरवत आली आहेत. आणि सगळ्यात कहर म्हणजे फ्लोरिडातला 'क्रॉलर'. चंद्रावर जाणारं रॉकेट उभंच्या उभं पाठीवर घेऊन उड्डाणाच्या ओट्यापर्यंत रांगत जाणारं ते राक्षसी वाहन १९६५ मध्ये तयार झालं. त्याच्या पोटात अल्कोची दोन सोळा सिलिंडरची २५१, प्रत्येकी २७५० अश्वशक्तीची. इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटर सोळा मोटारींना वीज देतो; वाठारच्या यार्डात मामाने जाळीवर हात ठेवून सांगितलं होतं तेच सगळं. अपोलो ११ ला १९६९ मध्ये क्रॉलरनेच नेलं, ज्या वर्षी स्केनेक्टडीत इंजिनं बनणं थांबलं. आणि २०२२ मध्ये आर्टेमिसचं रॉकेटही क्रॉलरवरूनच गेलं.

हे मी मामाला सांगितलं. आता ऐंशीकडे झुकलाय, कानाला यंत्र लावतो आणि ते खिशात ठेवतो, त्यामुळे मला ओसरीवरून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं सांगावं लागलं. चंद्राचं त्याला विशेष वाटलं नाही. त्याने वजन विचारलं. मी म्हटलं, काही हजार टन, आणि शेवटी ओट्यावर जायला चढ आहे, शंभराला पाच.

"म्हंजे वीसाला एक!" मामा सरळ बसला. दूधसागरच्या ब्रॅगँझा घाटात सदतिसाला एक चढ आहे, तिथे मालगाडीला पुढे इंजिनं आणि मागून ढकलायला बँकर इंजिनं लावून वर घेताना त्याने पाहिलं होतं. "आणि बँकर किती लावत्यात मागं?"

एकही नाही, असं मी सांगितलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कुणीतरी फशिवलंय तुला, पोरी," आणि चहा सांगायला आत गेला.